यादवीपूर्व अमेरिकेतील गुलामीविरोधी कादंबरी आणि लोकमत

१८५० च्या सप्टेंबर महिन्यात अमेरिकेच्या काँग्रेसने फरारी गुलामांविषयी जो कायदा संमत केला, त्यात मोबदल्याचे एक कलम होते. पकडून आणलेला माणूस गुलाम नाही असा निर्वाळा देणाऱ्या कमिशनरला पाच डॉलर मिळत आणि तो गुलामच आहे असे ठरवून त्याला मालकाच्या हवाली करणाऱ्या कमिशनरला दहा. वरचे पाच डॉलर वाढीव कागदपत्रांच्या कामाचे, असे समर्थन कायद्याच्या बाजूने केले जाई. दास्यविमोचनवादी, म्हणजे गुलामगिरी पूर्णपणे संपवावी असे म्हणणारे लोक, त्याला सरळ लाच म्हणत. पकडलेल्या माणसाला ज्यूरीपुढे जाण्याचा हक्क नव्हता आणि स्वतःच्या बाजूने साक्ष देण्याचीही मुभा नव्हती. सरकारी मार्शलने हाक दिली, तर वाटेवरच्या कोणत्याही नागरिकाने पाठलागात सामील व्हावे, आणि कोणी फरारी गुलामाला आसरा दिला किंवा पळून जायला मदत केली, तर त्याला हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद व्हावी, अशीही तरतूद होती.

उत्तरेकडील राज्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीपासून आपापल्या हद्दीत गुलामगिरी टप्प्याटप्प्याने बंद केली होती. तिथल्या सामान्य गौरवर्णीय माणसाची समजूत अशी होती की, ही दक्षिणेची बाब आहे, राज्यघटनेने ती त्या त्या राज्यावर सोपवली आहे आणि तिच्यात हात घातला तर संघराज्य फुटेल. गुलामगिरी चांगली आहे असे त्याला वाटत नव्हते, पण तिच्याशी आपला काही संबंध आहे असेही वाटत नव्हते, आणि ही अलिप्तता त्याला सोयीची होती. नव्या कायद्याने ती मोडली, कारण आता ओहायोतील शेतकऱ्याने किंवा बॉस्टनच्या दुकानदाराने काहीच केले नाही तरी ते काहीतरी करण्यासारखेच झाले. यादवी युद्धापूर्वीच्या दहा वर्षांत गुलामीविरोधी कादंबरीने लोकमतावर जो परिणाम केला, त्याचे मर्म या कायद्याशी जोडलेले आहे. कादंबरीने नवे युक्तिवाद फारसे दिले नाहीत. कायद्याने दाराशी आणून टाकलेला प्रश्न तिने उंबरठ्याच्या आत नेला, आणि तिथे तो राज्यघटनेच्या कलमांनी सुटण्याजोगा राहिला नाही.

दास्यविमोचनाच्या चळवळीकडे त्याआधी साधनांची वानवा होती असे नाही. विल्यम लॉइड गॅरिसन यांचे ‘लिबरेटर’ हे साप्ताहिक १८३१ पासून बॉस्टनमध्ये निघत होते आणि १८३३ मध्ये अमेरिकन अँटी-स्लेव्हरी सोसायटी स्थापन झाली होती. सोसायटीने १८३५ मध्ये दक्षिणेत टपालाने पत्रके पाठवली, तेव्हा चार्ल्सटनच्या जमावाने टपालातून ती काढून जाहीरपणे जाळली. काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहात गुलामगिरीविरुद्धचे अर्ज विचारात घ्यायचेच नाहीत, असा नियम १८३६ पासून १८४४ पर्यंत चालला. दक्षिणच चिडलेली होती असेही म्हणता येत नाही, कारण १८३७ मध्ये संपादक एलायजा लव्हजॉय यांचा खून झाला तो इलिनॉयमधल्या आल्टन गावी, म्हणजे गुलामगिरी नसलेल्या राज्यात.

या साधनांत सर्वांत प्रभावी ठरली ती गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांची आत्मकथने. फ्रेडरिक डग्लस यांचे १८४५ चे आत्मकथन त्यांत अग्रगण्य आहे. पण या लेखनाला एक अडचण कायम चिकटलेली होती, ती म्हणजे विश्वासाची. कृष्णवर्णीय माणसाच्या शब्दाला दक्षिणेतील न्यायालयांत गौरवर्णीयांविरुद्ध पुरावा म्हणून किंमत नव्हती, आणि उत्तरेतील वाचकही त्या शब्दाला कोणा प्रतिष्ठित गौरवर्णीयाच्या शिफारशीची जोड मागत असे. १८३८ मध्ये सोसायटीने जेम्स विल्यम्स नावाच्या फरारी गुलामाची कहाणी प्रसिद्ध केली. ती कवी जॉन ग्रीनलीफ व्हिटियर यांनी शब्दबद्ध केली होती. अलाबामातील वर्तमानपत्राने तिच्यातील नावे आणि ठिकाणे जुळत नाहीत असे दाखवताच सोसायटीला ते पुस्तक मागे घ्यावे लागले. सत्यकथेतील दोन नावे चुकली की सगळी कथा खोटी ठरे. कादंबरीला मात्र हा नियम लागू होत नव्हता. तिच्यातली नावे कल्पित आहेत हे सर्वांना आधीच ठाऊक असते. याचा लाभ घेण्याचा पहिला लक्षणीय प्रयत्न इतिहासकार रिचर्ड हिल्ड्रेथ यांनी १८३६ मध्येच केला होता. आर्ची मूर या गुलामाच्या तोंडून सांगितलेली त्यांची कादंबरी लेखकाच्या नावाविना निघाली, आणि हे आत्मकथन आहे की कल्पना, याविषयी काही वाचकांचा घोटाळा झाला. पुस्तक फारसे गाजले नाही, पण वाट दिसली.

आर्ची मूर हा आपल्याच मालकाचा मुलगा आहे. हा तपशील वरकरणी भडक वाटतो. तो कायद्यातून आलेला आहे. व्हर्जिनियाच्या वसाहतीने १६६२ मध्येच असे ठरवले होते की, मूल गुलाम की स्वतंत्र हे आईच्या दर्जावरून ठरेल. इंग्लंडच्या रूढ कायद्यात मुलाला बापाचा दर्जा मिळे. वसाहतीने तो नियम उलटा केला, आणि मग मालकाला गुलाम स्त्रीपासून झालेली मुले त्याची वारस न ठरता त्याची मालमत्ता ठरू लागली. गुलामांच्या विवाहाला कायद्याची मान्यता नव्हती, त्यामुळे नवरा, बायको आणि मुले यांना वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना विकण्यास कसलाही अडथळा नव्हता. लायडिया मारिया चाइल्ड यांनी १८४२ मध्ये ‘द क्वाड्रून्स’ ही कथा लिहिली ती याच कलमांवर. क्वाड्रून म्हणजे आजी-आजोबांपैकी एक जण कृष्णवर्णीय असलेली व्यक्ती. कथेतील मुलगी स्वतंत्र आणि सुशिक्षित म्हणून वाढते. आईवडील गेल्यावर असे उघडकीला येते की तिच्या आजीची मुक्तता कागदोपत्री कधी झालीच नव्हती, आणि तेवढ्यावरून तिचा लिलाव होतो. अशी उजळ वर्णाची, शोकान्त नायिका पुढे गुलामीविरोधी कथेचा साचाच होऊन बसली. गौरवर्णीय वाचकाला आपल्यासारख्या दिसणाऱ्या मुलीची कणव लवकर येते, हा हिशेब त्यामागे होता. तो परिणामकारक होता आणि कोताही होता. सहानुभूतीला चेहऱ्याच्या रंगाची पूर्वअट घालणारी ही युक्ती ज्या पूर्वग्रहाशी लढत होती, त्याच्याकडूनच ती थोडे भांडवल उसने घेत होती.

हॅरिएट बीचर स्टो यांनी ‘अंकल टॉम्स केबिन’ लिहायला घेतली तेव्हा हा सगळा साठा त्यांच्यापुढे होता. १८११ मध्ये कनेक्टिकटमधील लिचफील्ड येथे, लायमन बीचर या नामांकित धर्मोपदेशकाच्या घरी त्या जन्मल्या आणि १८३२ पासून सुमारे अठरा वर्षे त्यांनी सिनसिनाटीत काढली. सिनसिनाटी हे शहर ओहायो नदीच्या उत्तर तीरावर आहे. समोरच्या तीरावर केंटकी, म्हणजे गुलामगिरीचे राज्य. नदी ओलांडून पळालेली माणसे या शहरात येत, त्यांच्या मागावर माणसे पकडणारेही येत, आणि दास्यविमोचनवाद्यांचा छापखाना शहरातलाच जमाव फोडून नदीत टाके. १८४९ च्या पटकीच्या साथीत स्टो यांचा दीड वर्षाचा मुलगा गेला. गुलाम आईपासून मूल तोडले जाते तेव्हा तिला काय होत असेल हे आपल्याला त्या वेळी कळले, असे त्यांनी पुढे पत्रातून सांगितले आहे. १८५० मध्ये पतीच्या नोकरीनिमित्त कुटुंब मेन राज्यातील ब्रन्सविक येथे गेले, आणि त्याच वर्षी फरारी गुलामांचा कायदा आला.

कादंबरी ५ जून १८५१ पासून १ एप्रिल १८५२ पर्यंत वॉशिंग्टनच्या ‘नॅशनल इरा’ या साप्ताहिकात क्रमशः छापली गेली. या साप्ताहिकाचे संपादक गमालियल बेली हे सिनसिनाटीतील त्याच छापखान्याशी संबंधित होते. स्टो यांना या हप्त्यांचे तीनशे डॉलर मिळाले. सुरुवातीच्या जाहिरातीत कादंबरीचे उपशीर्षक ‘वस्तू झालेला माणूस’ अशा अर्थाचे होते आणि कथानकाचा सांगाडा त्याच कल्पनेवर उभा आहे. केंटकीतील शेल्बी हा मालक दुष्ट नाही. तो कर्जात आहे, त्याचे कागद हेली या गुलामांच्या व्यापाऱ्याच्या हाती गेले आहेत, आणि कर्ज फेडायला विकण्याजोगी मालमत्ता म्हणजे विश्वासू टॉम आणि एलायझा या दासीचा लहान मुलगा हॅरी. टॉम पुढे न्यू ऑर्लीन्सच्या सेंट क्लेअरकडे जातो. सेंट क्लेअर तर शेल्बीहून दयाळू. तो टॉमला मुक्त करण्याचे ठरवतो आणि कागदावर सही होण्याआधीच मारामारीत सुरा लागून मरतो. त्याची विधवा टॉमला बाजारात विकते आणि मग तो रेड नदीकाठच्या कापसाच्या मळ्यावर सायमन लेग्रीच्या तावडीत सापडतो.

या रचनेत स्टो यांचे सगळ्यांत मोठे कौशल्य दिसते. गुलामगिरीच्या समर्थकांचे नेहमीचे म्हणणे असे होते की, क्रूर मालक हा अपवाद असतो आणि बहुतेक मालक आपल्या माणसांना कुटुंबासारखे वागवतात. स्टो यांनी हे म्हणणे खोडून काढले नाही; त्यांनी ते जवळजवळ मान्य केले आणि मग दाखवले की चांगल्या मालकाचा चांगुलपणा त्याच्या कर्जाइतका आणि आयुष्याइतकाच टिकतो. गुलाम गहाण पडतो, वारसाहक्कात जातो, जप्तीत निघतो. मालकाच्या स्वभावाचा त्या व्यवहाराशी संबंध नाही. शिवाय लेग्री हा मूळचा न्यू इंग्लंडचा, म्हणजे उत्तरेतला, आणि कृष्णवर्णीय मुलीला स्पर्श करताना अंग चोरणारी सेंट क्लेअरची चुलतबहीण मिस ओफेलियाही उत्तरेतल्याच व्हरमाँटची. दक्षिणेवर बोट दाखवून उत्तरेतील वाचकाने हात झटकावेत, अशी सोय स्टो यांनी ठेवली नाही.

फरारी गुलामांच्या कायद्याला कादंबरीने दिलेले उत्तर नवव्या प्रकरणात आहे. ओहायोतील सिनेटर बर्ड राज्याच्या विधिमंडळात फरारी गुलामांना मदत करण्यास मनाई करणाऱ्या विधेयकाला पाठिंबा देऊन रात्री घरी येतो. बुटांच्या जागी सपाता घालून चहाची वाट पाहत असताना, एरवी राजकारणात कधी तोंड न घालणारी त्याची बायको त्याला विचारते की असा कायदा खरेच झाला का. तो राज्यहित, सार्वजनिक प्रक्षोभ, खाजगी भावना बाजूला ठेवण्याची गरज, असे सगळे मुद्दे मांडतो. तेवढ्यात स्वयंपाकघरात गोंधळ होतो. तरंगत्या बर्फाच्या लाद्यांवरून उड्या मारत ओहायो नदी ओलांडलेली एलायझा रक्ताळलेल्या पायांनी तिथे बेशुद्ध पडलेली असते, शेजारी तिचे मूल. शुद्धीवर आल्यावर ती मिसेस बर्डला एवढेच विचारते की, बाई, तुमचे मूल कधी गेले आहे का. आणि त्या घरातून महिन्यापूर्वीच एक मूल गेलेले असते. मिसेस बर्ड मग एक खण उघडते. त्यात लहान डगले, एप्रन, मोज्यांच्या जोड्या, कागदात गुंडाळलेले टोकाशी झिजलेले बूट, खेळण्यातला घोडागाडीचा जोड, एक भोवरा. ती खणावर डोके टेकून रडते, आणि लगेच उठून त्यातले धड कपडे निवडून हॅरीसाठी गाठोडे बांधते. सिनेटर गाडी जोडायला सांगतो आणि मध्यरात्री, चिखलात रुतणाऱ्या चाकांनिशी, ज्या कायद्याची बाजू त्याने दिवसा घेतली होती तो स्वतः मोडायला निघतो.

आजच्या वाचकाला हे प्रकरण हातखंडा वाटण्याचा संभव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत सर्वाधिक खपणारा वाङ्मयप्रकार भावप्रधान कौटुंबिक कादंबरी हा होता. घर, आई, आजारी मूल आणि श्रद्धा हे तिचे विषय, आणि स्त्रिया हा तिचा मोठा वाचकवर्ग. स्टो यांनी हाच प्रकार उचलला आणि तो अचूक लागू पडला, कारण गुलामगिरीचा कायदा ज्या ठिकाणी सर्वाधिक उघडा होता, ते ठिकाण कुटुंबच होते. मतदानाचा हक्क नसलेल्या स्त्रीने सिनेटरचे मत घरात फिरवणे ही कल्पना त्या काळच्या स्त्री-वाचकांना उगाच आवडली नाही. मराठीतही याच दशकात, १८५७ मध्ये, बाबा पदमनजी यांनी विधवांची दुःस्थिती दाखवण्यासाठी ‘यमुनापर्यटन’मध्ये कथेचाच आश्रय घेतला, धर्मश्रद्धेतून आलेली सुधारणेची तळमळ कादंबरीकडे वळण्याचा तो काळ होता.

२० मार्च १८५२ रोजी बॉस्टनच्या जॉन ज्यूएट यांनी दोन खंडांत पुस्तक काढले. पहिल्या आठवड्यात सुमारे दहा हजार प्रती गेल्या आणि वर्षभरात अमेरिकेत तीन लाखांच्या आसपास. १८५० च्या जनगणनेप्रमाणे देशाची लोकसंख्या सुमारे २ कोटी ३२ लाख होती आणि त्यांपैकी सुमारे ३२ लाख गुलाम. घरात एक जण मोठ्याने वाचतो आणि बाकीचे ऐकतात अशी तेव्हाची पद्धत असल्यामुळे, खपाच्या आकड्यावरून वाचकांचा अंदाज करताना तो कितीतरी पटींनी वाढवावा लागतो. वाफेवर चालणारी छपाईयंत्रे, जुळवलेल्या पानांचे धातूचे साचे जपून पुन्हा पुन्हा छापण्याची सोय आणि रेल्वे, यांच्याशिवाय हा खप शक्य नव्हता. सुरुवातीला दीड डॉलरला मिळणारे पुस्तक लवकरच साडेसदतीस सेंटच्या स्वस्त आवृत्तीतही आले.

दक्षिणेची प्रतिक्रिया दोन प्रकारची होती. एक म्हणजे कादंबरीला कादंबरीने उत्तर. १८५२ मध्येच मेरी ईस्टमन यांची ‘आंट फिलिस्स केबिन’ आली, १८५४ मध्ये कॅरोलाइन ली हेन्ट्झ यांची ‘द प्लँटर्स नॉर्दर्न ब्राइड’, आणि यादवी सुरू होईपर्यंत अशी वीसहून अधिक पुस्तके निघाली. त्यांत समाधानी गुलाम, पितृतुल्य मालक आणि उत्तरेतील कारखान्यांत पिचणारे मजूर, असा ठरीव संच असे. यांतले एकही पुस्तक स्टो यांच्या पुस्तकाच्या खपाजवळ पोचले नाही. पण त्यांचा अर्थ वेगळाच आहे: जी व्यवस्था स्वयंसिद्ध मानली जात होती, तिचे समर्थन आता गोष्टी रचून करावे लागत होते. दुसरी प्रतिक्रिया म्हणजे हे सारे खोटे आहे हा आरोप. त्याला उत्तर म्हणून स्टो यांनी १८५३ मध्ये ‘अ की टु अंकल टॉम्स केबिन’ हा ग्रंथ काढला. त्यात कायद्यांची कलमे, न्यायालयीन निकाल आणि दक्षिणेच्याच वर्तमानपत्रांतील जाहिराती होत्या. फरारी गुलामाची ओळख पटावी म्हणून मालकाने त्याच्या अंगावरच्या डागांचे आणि वळांचे वर्णन स्वतःच छापलेले असे. हे तंत्र थिओडोर वेल्ड यांनी अँजेलिना आणि सारा या ग्रिम्के भगिनींच्या साहाय्याने १८३९ मध्ये वापरले होते आणि स्टो यांनी त्या संग्रहाचा मोठा उपयोग केला. आत्मकथनाला जो पुरावा कधीच पुरेसा ठरला नव्हता, तो आता कादंबरीच्या पाठोपाठ, कादंबरीच्या वाचकांपर्यंत पोचला.

मेरीलँडमध्ये सॅम्युएल ग्रीन या स्वतंत्र कृष्णवर्णीय धर्मोपदेशकाच्या घराची १८५७ मध्ये झडती झाली. गुलामांना पळायला मदत केल्याचा संशय होता. तो सिद्ध होईना, तेव्हा घरात ‘अंकल टॉम्स केबिन’ची प्रत सापडल्याबद्दल त्यांना दहा वर्षांची शिक्षा देण्यात आली.

पुस्तक ज्यांच्यापर्यंत पोचले नाही त्यांच्यापर्यंत नाटक पोचले. कादंबरीच्या नाट्यरूपांतरावर लेखकाचा हक्क तेव्हाच्या कायद्यात नव्हता, त्यामुळे कोणीही रूपांतर करावे आणि स्टो यांना दमडी मिळू नये, असे झाले. जॉर्ज एकन यांचे रूपांतर १८५२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील ट्रॉय येथे रंगभूमीवर आले आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्क शहरात गाजले. गुलामगिरीविषयी ज्यांना आधी काडीचीही आस्था नव्हती, अशा कामगारवस्तीतील प्रेक्षकांनी तिथे डोळे पुसले. दुसऱ्या एका रूपांतरात, जे बार्नम यांच्या संग्रहालयाच्या रंगमंचावर झाले, शेवटी टॉमची सुटकाच होते. गौरवर्णीय नटांनी तोंडाला काळे फासून केलेली ही कामे पुढे कित्येक दशके चालली, त्यांत विदूषकी भर पडत गेली, आणि मूळ कादंबरीत फटके खाऊनही दोन स्त्रियांचा ठावठिकाणा न सांगता मरण पत्करणारा भक्कम देहाचा टॉम रंगभूमीवर वाकलेला, लाचार म्हातारा झाला. ‘अंकल टॉम’ ही आज कृष्णवर्णीय समाजात शिवी आहे, तिचे बरेचसे पितृत्व नाटक कंपन्यांकडे जाते. सगळे मात्र नाही. टॉमची अढळ क्षमाशीलता मूळ लेखिकेचीच आहे, आणि जेम्स बाल्डविन यांनी १९४९ मध्ये या कादंबरीवर केलेली कठोर टीका नाटकाला नव्हे, तिलाच उद्देशून आहे.

त्या टीकेचे बीज १८५३ मध्येच पडले होते. कादंबरीच्या अखेरीस जॉर्ज हॅरिस हा बुद्धिमान, स्वाभिमानी नायक आफ्रिकेतील लायबेरियाला जाण्याचे ठरवतो. मुक्त कृष्णवर्णीयांना आफ्रिकेत पाठवून द्यावे, ही योजना १८१६ पासून एक संस्था राबवत होती आणि उत्तरेतील बहुसंख्य कृष्णवर्णीय पुढाऱ्यांना ती हद्दपारीच वाटे. त्यांपैकी मार्टिन डिलेनी यांनी डग्लस यांच्या वृत्तपत्रातून यावर कडक पत्रे लिहिली. डग्लस यांनी स्टो यांची बाजू घेतली, पण स्वतः त्याच वर्षी ‘द हिरोइक स्लेव्ह’ ही वेगळ्याच वळणाची लघुकादंबरी प्रसिद्ध केली. १८४१ मध्ये व्हर्जिनियाहून न्यू ऑर्लीन्सच्या बाजारात गुलाम नेणारे ‘क्रिओल’ हे जहाज मॅडिसन वॉशिंग्टन या गुलामाच्या नेतृत्वाखाली ताब्यात घेतले गेले आणि ब्रिटिश अमलाखालील नासाऊला नेले गेले. ब्रिटिशांनी आपल्या वसाहतींत गुलामगिरी रद्द केलेली असल्यामुळे तिथे ती माणसे सुटली. डग्लस यांचा नायक हा मॅडिसन. तो गडद वर्णाचा आहे, शस्त्र उचलतो, आणि त्याच्या धैर्याची साक्ष कथेत एक गौरवर्णीय खलाशी नाइलाजाने देतो. त्याच वर्षी लंडनमध्ये विल्यम वेल्स ब्राउन यांची ‘क्लोटेल’ निघाली. आफ्रिकन-अमेरिकन लेखकाने प्रसिद्ध केलेली ही पहिली कादंबरी मानली जाते. राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांची गुलाम स्त्रीपासून झालेली मुलगी लिलावात उभी राहते, असे तिचे कथानक आहे. चाइल्ड यांच्या कथेचा भाग ब्राउन यांनी तिच्यात उघडपणे विणला होता. १८६४ च्या अमेरिकी आवृत्तीत जेफरसन यांचे नाव गळले आणि त्यांच्या जागी एक अनाम सिनेटर आला, यावरून अमेरिकी बाजाराला काय पचत नव्हते ते कळते. १८५९ मध्ये बॉस्टनमध्ये हॅरिएट विल्सन यांची ‘अवर निग’ आली. तिच्यात छळ होतो तो न्यू इंग्लंडमधील गौरवर्णीय घरात, स्वतंत्र राज्यात, आणि म्हणूनच की काय, चळवळीनेही तिची दखल घेतली नाही. १९८० च्या दशकात ती पुन्हा छापली जाईपर्यंत तिचा जवळजवळ विसर पडला होता. लोकमत घडवणाऱ्या पुस्तकांच्या इतिहासात, लोकमताला नको असलेल्या या पुस्तकाचीही नोंद असली पाहिजे.

आता प्रश्न असा की, लोकमत बदलले म्हणजे नेमके काय झाले. मतपेटीत शोधले तर पहिली निराशाच पदरी पडते. १८४८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत गुलामगिरीच्या विस्ताराला विरोध करणाऱ्या फ्री सॉइल पक्षाला सुमारे २ लाख ९१ हजार मते होती. १८५२ च्या नोव्हेंबरमध्ये, स्टो यांचे पुस्तक घरोघरी वाचले जात असताना, ती सुमारे दीड लाखावर आली, आणि फरारी गुलामांचा कायदा जिचा भाग होता ती १८५० ची तडजोड पाळण्याचे वचन देणारे फ्रँकलिन पिअर्स मोठ्या बहुमताने निवडून आले. घसरणीचे मुख्य कारण न्यूयॉर्कमधील डेमोक्रॅट स्वगृही परतले हे होते, हे खरे; तरीही रडलेला वाचक दुसऱ्या दिवशी आपला पक्ष सोडत नाही, हे या आकड्यांवरून मान्य करावे लागते. परिणाम दिसला तो दोन वर्षांनी. १८५४ मध्ये कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने, जिथे १८२० च्या तडजोडीनुसार गुलामगिरीला बंदी होती, तो प्रदेश तिला खुला केला. त्याच सुमारास, जूनच्या आरंभी, बॉस्टनमध्ये अँथनी बर्न्स या फरारी गुलामाला सैनिकांच्या बंदोबस्तात रस्त्यांतून बंदरावर नेण्यात आले आणि हजारो लोक दुतर्फा उभे राहून ते पाहत होते. रिपब्लिकन पक्षाची उभारणी याच वर्षी झाली. राजकीय घटनांनी चूल पेटवली. पण एलायझा आणि मिसेस बर्ड ज्यांच्या ओळखीच्या झाल्या होत्या, त्यांना बर्न्सकडे मालमत्तेच्या वादातील एक बाब म्हणून पाहणे आता अवघड होते. कादंबरीने गुलामगिरीच्या समर्थकांना विरोधक बनवल्याचा पुरावा फारसा नाही. तिने उदासीनांची उदासीनता महाग केली आणि दोन्ही बाजूंतील मधली जागा अरुंद केली. उलट दिशेचा प्रवाहही होताच: कॅन्ससमधील रक्तपात पाहून स्टो यांनी १८५६ मध्ये लिहिलेल्या ‘ड्रेड’ या कादंबरीत टॉमची सहनशीलता मागे पडली आणि दलदलीत दडून बंडाची तयारी करणारा नायक पुढे आला.

ब्रिटनमध्ये पुस्तकाचा खप अमेरिकेहूनही मोठा होता. तिथे अमेरिकी लेखकांना लेखाधिकार नसल्यामुळे अनेक प्रकाशकांनी ते परस्पर छापले, आणि पहिल्या वर्षातच प्रतींचा आकडा दहा लाखांवर गेल्याचे सांगितले जाते. ब्रिटनमधील पाच लाखांहून अधिक स्त्रियांनी सह्या केलेले एक आवाहनपत्र अमेरिकी भगिनींच्या नावे सव्वीस खंडांत बांधून स्टो यांना देण्यात आले. यादवी सुरू झाल्यावर मात्र ब्रिटिश सरकारने तटस्थता पत्करली आणि दक्षिणेचा कापूस बंद होताच लँकेशायरच्या गिरण्या मुंबईकडे वळल्या. शहरात पैशाचा पूर आला, शेअरांचा सट्टा भडकला आणि १८६५ मध्ये तो कोसळला. त्या युद्धाकडे मुंबईच्या व्यापाऱ्यांनी कापसाच्या भावातून पाहिले, तर पुण्यात जोतीराव फुले यांनी त्यातून काढलेला अर्थ निराळा होता: १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘गुलामगिरी’ त्यांनी निग्रोंना दास्यातून मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केली.

स्टो आणि लिंकन यांच्या भेटीची दंतकथा या विषयावरच्या बहुतेक लेखनात असते. १८६२ च्या अखेरीस स्टो राष्ट्राध्यक्षांना भेटल्या, तेव्हा एवढे मोठे युद्ध घडवणारी चिमुकली बाई ती हीच काय, असे लिंकन म्हणाले, अशी ती कथा आहे. भेट झाली हे खरे. पण हे उद्गार त्यानंतर तीसहून अधिक वर्षांनी छापून आले आणि त्या काळातील पत्रांत वा टिपणांत त्यांचा मागमूस नाही. त्यामानाने कोरडी, पण पक्की नोंद अशी की, १८६२ च्या उन्हाळ्यात लिंकन यांनी काँग्रेसच्या ग्रंथालयातून वाचायला नेले ते ‘अंकल टॉम्स केबिन’ नव्हते, तर तिच्यामागचा पुराव्यांचा ग्रंथ होता.

पुस्तकांच्या प्रभावाची याहून वजनदार साक्ष विरोधकांनी दिलेली आहे. डिसेंबर १८६० मध्ये साउथ कॅरोलायना संघराज्यातून फुटून निघाले, तेव्हा त्याने आपली कारणे सांगणारा जाहीरनामा काढला. उत्तरेने हजारो गुलामांना पळून जाण्यास मदत केली आणि जे मागे राहिले त्यांना हस्तक, पुस्तके आणि चित्रे यांच्याद्वारे बंडाला चिथावले, असा आरोप त्यात आहे. राज्य फुटण्याच्या कारणांत पुस्तकांची गणना व्हावी, हे विरळच. तरीही ही साक्ष जशीच्या तशी घेता येत नाही. दक्षिणेतील अनेक राज्यांत गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणे हाच गुन्हा होता, तेव्हा कादंबऱ्या वाचून त्यांनी बंड करावे, हे घडण्याजोगे नव्हते. ओहायो नदी ओलांडणारी माणसे स्टो यांनी एक ओळ लिहिण्याच्या कितीतरी आधीपासून ती ओलांडत होती. मळेवाल्यांना मात्र चिथावणीखोर बाहेरचाच असणे गरजेचे होते, कारण समाधानी गुलामांचे जे चित्र ते स्वतःच्या कादंबऱ्यांत आठ वर्षे रंगवत होते, ते टिकवायचे तर पळून जाणाऱ्याने स्वतःच्या मनाने पळ काढला, असे त्यांना म्हणता येत नव्हते.